भैयालालच्या मिशीचा साचा

बत्तीस वर्षं मी फॅक्टरीच्या खरेदी विभागात काढली. खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं घेतलं, पण समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्या भावात एकही वस्तू घेतली नाही! माझ्या कानावर एक लाल पेन्सिल असायची. कोणाचंही कोटेशन आलं की मी ती हळूच खाली काढायचो, आणि समोरच्याच्या घशाला कोरड पडायची. रिटायर झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, की हा रत्नाकर मेश्राम स्वतःच्या लग्नाच्या वेळी खरेदी विभागात असता, तर अर्धंच लग्न करून आला असता. लोक हसले. मी ती तारीफ समजून घरी आलो.

तर असा मी. आणि माझ्या बायकोचा, विनीताचा, मोठा भाऊ देवीदास नेमका माझ्या उलटा. तोही आमच्याच फॅक्टरीतला, पण रबर शॉपमधला कारागीर. वहिनी गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि दादा विजय नगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटा राहतो. समोरच्या खोलीत त्यानं हातानं फिरवायचा एक प्रेस मांडला आहे, आणि त्यावर तो नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या गोताखोरांसाठी पाण्याखाली घालायचे मास्क बनवतो. नर्मदेत कोणी बुडालं, कोणाचं काही पडलं, की हेच लोक खाली उतरतात. ते त्याला चश्मा म्हणतात. समोर काच, भोवती रबराची कड, मागे पट्टा, आत डोळे आणि नाक. झालं.

मला झालं वाटतं, दादाला नाही. तो आधी गोताखोराला खुर्चीत बसवतो, चेहऱ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस थापून साचा काढतो, त्या साच्यावर रबराची कड घडवतो, काच घासतो, आणि मग अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये त्या बिचाऱ्याला पुन्हा पुन्हा तोंड बुडवायला लावतो. एक थेंब आत आला तर कड पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवसांत एक मास्क होतो. भाव चोवीसशे. बाजारात तसाच दिसणारा पावणेचारशेला मिळतो, वर पिशवी फुकट.

"दादा, आठ दिवसांत लोक घर बांधतात," मी म्हणायचो.

"अन् मग ते गळते," दादा म्हणायचा आणि कड घासत राहायचा.

यंदा विसर्जनाच्या आधी एका ट्रस्टनं घाटावरच्या गोताखोर समितीला बारा मास्क द्यायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष भैयालाल. मोठा माणूस, मोठं नाक, आणि त्याहून मोठी मिशी. बावीस वर्षांची! घाटावर लोक पत्तासुद्धा "मूँछवाले भैया की नाव के बगल में" असा सांगतात. दादानं चार वर्षांपूर्वी पहिला मास्क बनवला तो त्याच्याचसाठी. बाजारचा कोणताही मास्क त्या मिशीवर बसायचा नाही, केसांतून पाणी आत शिरायचं. दादानं वरच्या ओठावर मिशीपुरती खाच ठेवून कड घडवली आणि पाणी थांबलं. तेव्हापासून भैयालाल दादाला गुरुजी म्हणतो.

भैयालालनं अर्थातच दादाचे मास्क मागितले. पण ट्रस्टच्या लतिका मॅडमचं दादाला पत्र आलं. मंगळवारी सकाळी घाटावर बाजारचा आणि तुमचा, असे दोन्ही मास्क भैयालालच घालून दाखवतील. तुमचा सहापटीहून महाग का आहे, ते तिथंच समजावून सांगावं.

दादानं पत्र वाचलं आणि घडी घालून प्रेसवर ठेवलं.

"मले काही बोलता येत नाही. पाण्यात घालून पाहा म्हणा."

"अन् नाही पटलं त्यायले तं?"

"तं प्रेस विकतो अन् पुण्याले जातो. पोरगा दोन वर्षांपासून बलावून राहिला. बाराव्या मजल्यावर राहतो तो. बसतो तिथं खिडकीपाशी."

त्या दिवशी विनीताला जेवण गेलं नाही. "दादा तिथं महिनाभर नाही टिकणार," ती म्हणाली. "हाताला काम नसलं की तो कसा होतो, मी पाहिलं आहे. तुम्ही काही करा न. बत्तीस वर्षं काय केलं मग?"

हे मला लागलं. मी म्हणालो, "तू काळजीच करू नको. भाव खाली आणतो. पावणेचारशे नाही, पण हजाराच्या आत आणून दाखवतो."

शुक्रवारी दादा शहपुऱ्याला नात्यातल्या साखरपुड्याला गेला. सोमवारी संध्याकाळी येतो म्हणाला, आणि कुंड्यांना पाणी घालायला माझ्याकडे किल्ली देऊन गेला. कुंड्या राहिल्या बाजूला. मी सरळ आतल्या भिंतीवर टांगलेला कागद काढला. एका मास्कला काय काय लागतं, ते दादानं त्यावर लिहून ठेवलं होतं. मी पेन्सिल काढली.

चेहऱ्याचा साचा, प्रत्येकाचा वेगळा. काहून? एका साच्यावर बारा काढा. खोडलं. ड्रममध्ये तपासणी, तीन दिवस. पाणी काय तीन दिवसांत बदलते? खोडलं. मिशी झाकायला पातळ कागद. खोडलं. खोबरेल तेल, अर्धी वाटी. मास्क बनवायचा आहे की डोक्याची चंपी करायची आहे! हे तर मी दोनदा खोडलं. दहा मिनिटांत चोवीसशेचा मास्क नऊशे चाळीसवर आला. मला इतकं बरं वाटलं, की मी कागद परत भिंतीवर टांगून स्वतःसाठी चहा करून घेतला.

आता बारा मास्कांसाठी एक चेहरा हवा होता. मी म्हटलं, सगळ्यात मोठा चेहरा घ्यावा, म्हणजे लहान चेहऱ्यांना आपोआप होईल. फॅक्टरीत आम्ही ताडपत्र्या अशाच घ्यायचो. शनिवारी सकाळी मी भैयालालला बोलावलं. दादा यायच्या आधी साचा तयार, दर तयार, सगळं त्याच्या हातात ठेवायचं.

भैयालाल खुर्चीत बसला. मी त्याच्या डोळ्यांवर आणि भुवयांवर कापूस ठेवला, नाकात दोन नळ्या दिल्या. तेवढं मी दादाला करताना पाहिलं होतं.

"बाबूजी, गुरुजी पहले तेल लगाते हैं," भैयालाल म्हणाला.

"वो पुराना तरीका है."

"और मूँछ पे कागज भी."

"भैयालालजी, बत्तीस साल का अनुभव है मेरा."

कशाचा अनुभव, ते त्यानं विचारलं नाही. मी कपाळापासून वरच्या ओठापर्यंत प्लास्टर थापलं. सढळ हातानं थापलं, कारण तेलाचे पैसे वाचले होते.

थोड्या वेळानं आवाज आला, "बाबूजी, गरम हो रहा है."

"होगा ही. बढ़िया माल है."

वीस मिनिटांनी प्लास्टर घट्ट झालं. मी दोन्ही हातांनी साचा धरला आणि ओढला. साच्यासोबत भैयालालही उठला. मी त्याला खाली बसवलं आणि पुन्हा ओढलं. तो पुन्हा उठला. तिसऱ्या वेळी तो ओरडला, आणि मला समजलं की मिशी आतमध्ये प्लास्टरनं धरून ठेवली आहे.

मग तेल आठवलं. अर्धी वाटी वाचवली होती, आता पूर्ण बाटली ओतली. तेल भैयालालच्या गळ्यातून बनियनमध्ये गेलं, साच्याच्या आत एक थेंबही गेला नाही. कोमट पाणी मारलं. चमच्यानं कड उचकटून पाहिली. आतून फक्त "अरे मैया, अरे मैया" ऐकू येत होतं. तेवढ्यात विनीता डबा घेऊन आली. दारातच थांबली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"उत्पादन," मी म्हणालो.

तिनं डबा ठेवला, खुर्चीजवळ आली, साच्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कैची मागितली.

"दीदी, मूँछ मत काटना," भैयालाल म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"भैया, फिर क्या यही पहनकर घाट पे जाओगे?"

त्यानं मान वर केली. विनीतानं मला साचा जरासा उचलून धरायला लावला आणि हळूहळू कडेकडेनं कापलं. बावीस वर्षांची मिशी पाच मिनिटांत गेली. साचा मात्र अखंड निघाला, सुंदर निघाला, आणि त्याच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत मिशी जशीच्या तशी बसलेली होती! ओठावर जे खुंट उरले, ते विनीतानं दादाच्या दाढीच्या सामानानं साफ केले. भैयालालनं आरसा घेतला, ओठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ये कौन है?"

मी हात जोडून माफी मागितली. पण खरा घोटाळा पुढे होता, आणि तो भैयालालच्याच लक्षात आला. मंगळवारी पाण्यात त्यालाच उतरायचं होतं. त्यानं पिशवीतून आपला जुना मास्क काढला, घातला आणि अंगणातल्या ड्रममध्ये तोंड बुडवलं. वर आला तेव्हा नाकापर्यंत पाणी भरलं होतं. मिशीसाठी ठेवलेली खाच आता मोकळी पडली होती, आणि पाणी तिथूनच आत येत होतं. मी म्हटलं, पट्टा ढिला असेल. पट्टा ओढला. तरी पाणी. मग मी दोन्ही हातांनी मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला आणि म्हणालो, "और नीचे. और नीचे."

शेजारच्या कुसुमबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या. बिनमिशीचा भैयालाल त्यांनी ओळखला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की मेश्राम साहेब एका अनोळखी माणसाचं डोकं ड्रममध्ये दाबून राहिले आहेत आणि तो हातपाय झाडून राहिला आहे. त्या तशाच खाली गेल्या आणि त्यांनी शहपुऱ्याला फोन लावला.

"देवीदासभाऊ, लवकर या. तुमचे जावई तुमच्या अंगणात माणूस बुडवून राहिले!"

इकडे मी ड्रमशेजारी जमिनीवर बसलो होतो. दादाचा मास्क आता भैयालालला गळत होता, आणि आजवर फक्त मिशीमुळे न बसलेला बाजारचा मास्क आता त्याला चपखल बसणार होता. दादाला पुण्याच्या त्या खिडकीपाशी मीच नेऊन बसवलं होतं. विनीतानं आणलेला डबा उचलला आणि ती मला न वाढताच घरी गेली. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

साखरपुडा आटपून रविवारी सकाळी पहिल्या बसनं दादा आला. जय भीम म्हणाला, चपला काढल्या, आणि चौफेर नजर फिरवली. खुर्चीत गुरुजींची वाट पाहत बसलेला, तोंडावर गमछा बांधलेला भैयालाल. टेबलावर साचा. भिंतीवर लाल रेघा मारलेला कागद. दादानं साचा उचलला, उजेडाकडे फिरवून आत पाहिलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडून राहिला. मग आवाज आला. तो हसत होता! इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"साचा चांगला निघाला, जावईबापू," डोळे पुसत तो म्हणाला. मग कागदावरच्या लाल रेघा बोटानं एकेक मोजल्या. "तेल काहून खोडलं?"

"फालतू वाटलं, दादा."

"हं," एवढंच म्हणून तो भैयालालकडे वळला. "चश्मा दे."

"दादा, नवा बनवायला तं आठ दिवस लागतात न?"

"नवा कोण बनवून राहिलं? हाच बदलतो. हातानं केला आहे, कुठून उघडायचा ते माहीत आहे मले. तुम्ही बादल्या आणा."

दोन दिवस मी फक्त बादल्या आणल्या. दादानं भैयालालच्या ओठावर तेल लावलं, मला दाखवून दाखवून लावलं, आणि तेवढ्याच भागाचा छोटा साचा काढला. जुनी खाच कापली, रबराची पातळ पट्टी बसवली, प्रेसमध्ये तापवली. ड्रममध्ये थेंब आला. पट्टी सोलून काढली, दुसरी बसवली. पुन्हा थेंब. दादा डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचा, आणि अंगठा जिथं अडायचा तिथं घासायचा. मला तिथं काहीच दिसायचं नाही. मी विचारलं, "अजून किती वेळ?" तो म्हणाला, "थेंब थांबेपर्यंत." सोमवारी संध्याकाळी पाचवी पट्टी बसली, भैयालाल दहा वेळा बुडी मारून वर आला आणि आतली काच कोरडी होती. मला इतका आनंद झाला, की मी कुसुमबाईंना गच्चीवरून खाली बोलावून तो मास्क दाखवला. त्या दुरूनच पाहून गेल्या.

मंगळवारी घाटावर सगळे जमले. लतिका मॅडम मराठीच, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, हातात फाईल. बाजारच्या मास्कच्या सप्लायरचा माणूस चकाचक डबा घेऊन आला होता. भैयालालनं तोंडावरचा गमछा सोडला. फुलं विकणाऱ्या लीलाबाईंच्या हातातली माळ तशीच राहिली. घाटावर पूजा सांगणाऱ्या एका पंडाजींनी तर विचारलं, "भैयालाल नहीं आए?"

भैयालालनं आधी बाजारचा मास्क घातला, बुडी मारली आणि वर आला. माणूस प्रामाणिक. म्हणाला, "बैठ गया, मैडम." मी हातातली पिशवी पाठीमागे लपवली. मग त्यानं दादाचा घातला. मॅडमनी पाण्यात तांब्या टाकला, भैयालाल खाली गेला आणि तांब्या घेऊन वर आला. म्हणाला, "ये भी बढ़िया है."

"म्हणजे दोन्ही चालतात," लतिका मॅडम म्हणाल्या. "मग देवीदासजी, तुमचा इतका महाग का?"

दादा उभा राहिला. त्यानं नदीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. सप्लायरचा माणूस डबा बंद करायला लागला. विनीतानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो.

माझ्या पिशवीत तो साचा होता. खरं सांगतो, कोणाचं लक्ष नसताना गुपचूप नर्मदेत सोडून द्यावा म्हणून आणला होता. तो मी वर धरला, सगळ्या घाटाला आतली मिशी दिसेल असा.

"मॅडम," मी म्हणालो, "ही अर्धी वाटी तेलाची बचत आहे."

पुढे बसलेल्यांनी वाकून आत पाहिलं. मग लीलाबाई हसल्या, मग नावाडी, मग पंडाजी, आणि शेवटी भैयालाल स्वतः. मी पिशवीतून, साच्यासोबतच लपवून आणलेला दादाचा कागद काढला आणि माझ्या एकेका लाल रेघेचा हिशेब दिला. हे खोडलं, ही मिशी गेली. हे खोडलं, तर पाणी आत आलं. भैयालालचा चार वर्षांचा मास्क मी एका सकाळीत निकामी केला, आणि या माणसानं तो दोन दिवसांत पुन्हा त्याच चेहऱ्यावर बसवून दिला. पाच वेळा पट्टी सोलून काढली, कारण एक थेंब येत होता. आता या सप्लायरवाल्यांना विचारा, यांचा असा बदलून मिळतो का.

मॅडमनी सप्लायरच्या माणसाकडे पाहिलं.

"नया ले लीजिए न," तो म्हणाला, "सस्ता तो है."

मॅडमनी त्याचा मास्क बाकीच्या चार गोताखोरांना घालायला लावला. पहिल्याचे गाल बसलेले, पाणी. दुसऱ्याचं नाक एकदा मोडलेलं, पाणी. तिसऱ्याला बसला. चौथ्याला मिशी होती, तो डोळे चोळतच वर आला. मग भैयालाल पुढे आला. आता तो हसत नव्हता.

"मैडम, जब नीचे किसी का बच्चा ढूँढते हैं, तब चश्मे का पानी निकालने ऊपर नहीं आ सकते."

 मॅडमनी फाईल बंद केली. "बाराही देवीदासजींकडून," त्या म्हणाल्या. "विसर्जनापर्यंत होतील तितके द्या, बाकीचे नंतर. प्रत्येकाचा साचा वेगळा. आणि भाव आहे तोच."

काय सांगू तुम्हाला! भैयालालनं दादाला उचलून नावेत बसवलं. लीलाबाईंनी झेंडूच्या दोन माळा त्याच्या गळ्यात घातल्या, आणि एक माझ्याही. नाव घाटासमोरून फिरत असताना दादा पुण्याला फोनवर ओरडून सांगत होता, "येईन बाप्पा, उन्हाळ्यात येईन, चार दिवस. आता काम आहे." काठावर विनीता पदरानं डोळे पुसत होती आणि माझ्याकडे पाहून हसत होती. बत्तीस वर्षांत मी इतकी मोठी खरेदी पार पाडली नव्हती, आणि तीही एक रुपया कमी न करता.

तो साचा आता दादाच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. खाली दादानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "अर्धी वाटी तेल." नवीन कोणी आलं आणि भाव जास्त आहे म्हणालं, की दादा नुसतं तिकडे बोट दाखवतो.

तीन महिन्यांनी माझी बेल वाजली. दारात भैयालाल. मिशी परत आलेली, चांगली भरलेली, टोकं वळलेली. हातात तोच मास्क.

"बाबूजी, फिर पानी आ रहा है."

मी आणि विनीता त्याला घेऊन दादाकडे गेलो. दादा म्हणाला, ही कड एकदा उघडली, आता तिच्यावर जोडावर जोड नको, नवाच लागेल. आणि बिल माझ्या नावानं फाडलं. चोवीसशे. सवयीनं माझा हात कानाकडे गेला. विनीतानं फक्त पाहिलं. मी हात खाली घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, सांगितलेल्या पहिल्या भावात वस्तू घेतली.

खोबरेल तेल मात्र मी घरून नेलं होतं. म्हणून बिलातली तेवढी एक ओळ दादानं खोडली, माझ्याच कानावरची लाल पेन्सिल काढून.